चौकट क्रमांक नऊ

ब्यूडलीत नदी आता आपल्या जागी आहे,
जणू या प्रकाराशी तिचा काही संबंधच नाही.
फुटपाथवर गालिचे, फ्रीज, कुणाचा तरी पियानो,
त्यावर नगरपालिकेचं पिवळं स्टिकर.
मी विम्याचा माणूस. पायांत गमबूट,
हातात ओल मोजायचं यंत्र.
दोन सुया भिंतीत टोचायच्या,
भिंत आकडा सांगते.

मिसेस बेरिल पाउंटनी, वय ऐंशी,
कोट घालून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसल्या आहेत.
(त्यांच्या मते चौथी पायरी कोरडी आहे. यंत्राच्या मते नाही.)
मी विचारतो, त्या सांगतात, मी लिहितो.
सोफा, एक.
शिवणयंत्र, एक, पायाचं.
बटाटे, अर्धं पोतं.
“बटाटे राहू द्या,” म्हणतात, “तसेही मोड आले होते.”

मग स्वयंपाकघराचं दार.
ओकची चौकट, घराइतकीच जुनी.
डाव्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा :
कीथ, तीन वर्षांचा.
कीथ, साडेचार.
कीथ, गोवर येऊन गेल्यावर.
उजव्या बाजूलाही रेघा :
मार्च सत्तेचाळीस, बर्फ वितळून आलेलं.
नोव्हेंबर दोन हजार.
खाली घोट्याएवढी किरकोळ सालं, एकात एक मिसळलेली.

“आधी वडील काढायचे.
सत्तेचाळीसला मी सात वर्षांची.
पाणी उतरल्यावर त्यांनी मला रेघेशी उभं केलं,
कानापाशी आली.
म्हणाले, बघ, तुझ्यापेक्षा लहानच आहे अजून.”

आणि त्याच्याआधी?
“त्याच्याआधी दुसरे लोक, दुसरं लाकूड.
सतराशे पंच्याण्णवला तर पूलच गेला.”
शेजारणीचा घटस्फोट सांगावा
तशा आवाजात सांगतात.

मी सांगलीचा.
आमच्याकडे ऑगस्टमध्ये कुणी खुशाली विचारत नाही,
आयर्विनला किती फूट, विचारतात.
गेल्या वर्षी मावशी फोनवर नुसते आकडे सांगत होती :
एकोणपन्नास. त्रेपन्न. पंचावन्न.
मग फोन लागेना.
आयर्विन कोण, ते इथं कुणाला आठवत नाही.
आमच्याकडे तो अजून पाण्यात उभा आहे.

हे मी त्यांना सांगत नाही.
एवढंच सांगतो की आमच्या भाषेत
गावाच्या नावाच्या शेवटी पूर असतो,
आणि नदी घरात शिरली की तोही पूर.
त्या थोडा विचार करतात.
“मग आधी काय आलं?”

यंदाची खूण राहिली आहे. त्यांना आता वाकवत नाही.
गाळाच्या कडेला मी टेप लावतो,
तीन फूट चार,
सत्तेचाळीसच्या तीन बोटं खाली.
त्या माझा आकडा ऐकतच नाहीत,
डावीकडे बघून वाचतात.
“साडेचार वर्षांचं.”
दोन हजारचं?
“पाचाला थोडं कमी.”
सत्तेचाळीसचं?
“नुकतंच शाळेत जायला लागलेलं.”

कीथच्या रेघा चार फूट सात इंचांवर थांबतात.
वर पुष्कळ लाकूड, कोरं.
त्या सांगत नाहीत. मी विचारत नाही.
फॉर्मही विचारत नाही.
बऱ्याच वेळानं,
चष्मा कोटाच्या बाहीला पुसत :
“अकरा वर्षांचं पाणी
मी अजून पाहिलेलं नाही.”

मी सुया टोचतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नियमाप्रमाणे.
अठ्ठावीस टक्के.
विसाच्या वर गेलं की लाकूड काढून टाकायचं.
चौकट क्रमांक नऊ : काढावे / ठेवावे.

बाहेर कुणीतरी पंप सुरू करतं, बंद पडतो, पुन्हा सुरू करतं.
मिसेस पाउंटनी चहाचं विचारतात,
मग किटली नाही हे त्यांना आठवतं.
किटली, एक. लिहितो.

मग उठतो आणि पुन्हा सुया टोचतो,
या वेळी वर, पाच फुटांवर,
जिथं कुणीच पोचलेलं नाही.
चौदा.
तो आकडा लिहितो.