जोडलेली पानं

सेमिनरी बंद झाली. तिथे आता
म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट होणार, आणि लिफ्ट.
तळघरातली पुस्तकं निवडायला मला बोलावलं,
कारण बांधणीचं काम जाणणारी गावात मी एकटी उरले,
आणि मी पैसे कमी घेते.

अकरा हजार पुस्तकं. ढीग दोन:
ठेवायची, लगद्याची.
झरोक्यापलीकडे सेंट लॉरेन्स गोठलेली,
मधोमध बोटीने फोडत नेलेली काळी वाट.

बाराव्या दिवशी हे हाती आलं.
साठच्या दशकातलं, जाडजूड, कागद हलका.
आत जांभळा शिक्का:
एव्हारिस्त ब्रूयार, धर्मगुरू. आमच्याच पॅरिशचा.
मागच्या पानावर बिशपांची सही,
छापायला हरकत नाही.

'अधिकार' या प्रकरणाच्या कडा
बोटांच्या तेलाने पिवळ्या पडलेल्या.
पट्टी धरून मारलेल्या लाल रेघा.
पुढचं प्रकरण 'तारण'.
त्याची पानं जोडलेलीच,
छापखान्यातून आली तशी, घडी मिटून,
सुरी न लागलेली.

माझ्या आईचं नाव देलिमा.
एका उपवासकाळात जाळीआडून
याच ब्रूयारने तिला विचारलं होतं,
धाकटा दोन वर्षांचा झाला, पुढचं कधी?
नऊ झाली होती.
नवव्याच्या वेळी दाईने
दोन बादल्या ओतल्या होत्या परसातल्या बर्फावर,
आणि तो डाग मार्चपर्यंत टिकला.
आई म्हणाली, डॉक्टर नको म्हणतात.
तो म्हणाला, मग पापक्षमाही नको.
एवढंच.
हे तिने मला सांगितलं सत्तरी उलटल्यावर,
बटाटे सोलताना, मान वर न करता.

बावीस वर्षं ती मिस्सेला गेली
आणि बावीस वर्षं प्रसादाच्या वेळी बसून राहिली.
रांग सुटली की आम्ही एकेक जण
तिच्या पायांवरून पुढे सरकायचो.
ती गुडघे एका बाजूला आवळून घ्यायची,
हातमोज्याचं बटण लावायची, काढायची, लावायची.
तारण ठेवलं होतं तिला कुणीतरी, कुणाच्या तरी पेटीत,
आणि सोडवायला काय द्यावं लागतं
ते पावतीवर लिहिलेलं नव्हतं.

मी डब्यातली लोण्याची सुरी घेतली.

लेखक सावकाश बोलतो, तळटीपांवर टेकत टेकत.
म्हणतो, दाराबाहेर दिसतो तो आत असू शकेल.
म्हणतो, कृपा कुणाच्या सहीसाठी खोळंबत नाही.
म्हणतो, अमक्याचं तारण झालंच नाही
असं नाव घेऊन सांगायचा हक्क
ख्रिस्तसभेने कधी स्वतःकडे घेतला नाही.
हे मी तीनदा वाचलं.
सभेने घेतला नसेल.
ब्रूयारने घेतला होता, एका मंगळवारी.

मग पुढे एक घडी आधीच उघडलेली.
सुरीने नव्हे, बोटाने, वेडीवाकडी फाडलेली.
समासात शिसपेन्सिल, लाल नाही. अक्षर कापरं:
पण मग?

बस. तारीख नाही. पुढची पानं पुन्हा जोडलेली.

म्हातारपणी त्याचे हात थरथरायचे, मला आठवतं.
मटाराचं सूप पोचवायला मीच जायची,
आई डब्याला फडकं गुंडाळून द्यायची, घट्ट गाठ मारून.
ती गाठ त्याला सुटायची नाही, मी सोडायची.
तेव्हा हे पुस्तक टेबलावर होतं का?
वाटीशेजारी होतं का?
मला राग आला, आणि रागात थोडी लाजही.
दोन शब्दांचं मी काय करू,
कुठल्या वर्षात नेऊन भरू?

पुस्तक दोन्ही ढिगांत गेलं नाही.
कोटाखाली घालून आणलं. चोरीच म्हणा,
हरकत नाही अशी सही आहेच त्यावर.

घरी येताना बसमध्ये
खिडकीजवळचा मुलगा उतरायला उठला,
आणि माझे गुडघे
मी काही ठरवायच्या आत
एका बाजूला वळले, आवळून.