चार इंच

परिपत्रक क्रमांक सतरा ऐन वैशाखात निघालं,
पारा पंचेचाळिसावर, आणि जळगावच्या एमआयडीसीत
पाइपांच्या शेडवरून येणारा वारा
वितळल्या प्लास्टिकचा.
महिला कर्मचाऱ्यांनी गणवेशाच्या साडीवर
राखाडीच ब्लाउज घालावे, बाही कोपरापर्यंत,
पाठीचा गळा चार इंचांहून खोल नसावा,
लटकन, नाड्या, आरसे, जाळी इत्यादी टाळावे.

इत्यादी हा वाघुळदे साहेबांचा लाडका शब्द.
जे जे त्यांना तोंडाने म्हणवत नाही
ते सगळं त्यात मावतं.

साडी तर आधीच ठरलेली. राखाडी, मरून काठ,
दिवाळीला दोन, पगारातून कापून.
समोरून आम्ही अकरा जणी म्हणजे
एकाच बिलाच्या अकरा प्रती.
म्हणून तर पाठ.
पाठीवर कुणी पान कापून घ्यायची, कुणी पतंग,
भुसावळच्या शकूर मास्तरांच्या वहीत
आमच्या नावांपुढे नुसती गळ्यांची चित्रं.
बाजारात भेटले तर मास्तर चेहरा विसरलेले असतात.
जरा पुढे जाऊ देतात, मागून बघतात, मग हाक मारतात,
"अहो, मटका गळा तुमचाच ना?"

आता मोजायचं कुणी?
साहेबांना मोजता येईना, न मोजताही राहवेना.
शेवटी सगळ्यांत जुनी म्हणून मला बोलावलं,
सरोज फिरके, लेखा विभाग, एकोणीस वर्षं.
एक टेप, एक तक्ता, रेकॉर्ड रूमची किल्ली.
एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून
रात्री आठपर्यंत बसणारी बाई मी.
साहेबांची निवड चूक नव्हती.

फायलींच्या रॅकमागे एकेक येत गेली,
पाठ करून उभी राहिली.
जिच्या डब्यातली कळण्याची भाकरी रोज मोडते
तिची पाठ इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते.
बऱ्हाटेबाईंच्या मणक्यावर घामोळं,
वर पावडरीचा पांढरा ढग.
सुमय्याचा गळा चारच इंच, अगदी नियमात,
पण कडेने राखाडीवर राखाडी दोऱ्याची वेल,
बोट फिरवल्याशिवाय कळायची नाही.
ही कुणासाठी, विचारलं.
"माझ्या दोऱ्यासाठी," म्हणाली.
चंद्रकलाच्या खांद्याखाली जुना डाग,
इस्त्रीच्या टोकाएवढा.
"टेप गार लागतो वं," ती म्हणाली.
मी टेप जरा वरून धरला.

पाच. साडेपाच. सात.
एकीचं तर आठ, वर मोत्यांची नाडी,
तीही सैल बांधलेली.
आणि तक्त्यात मी लिहीत गेले
चार
चार
चार,
माझ्या त्या ऑडिटरने वाखाणलेल्या अक्षरात,
एकाखाली एक, बेरीज जुळल्यासारखे.
हात कापला असता तर बरं वाटलं असतं.
कापला नाही.

दहाव्या नंबरला पारोळ्याची नवी पोरगी, जयू.
हिचं मोजून झालं तरी जाईना.
टेप माझ्या हातातून काढून घेतला.
"नी तुम्हनं माप कोन लेई, ताई?"

माझी पाठ कुणी पाहिलेली नाही या इमारतीत.
एकोणीस वर्षं पदर दोन्ही खांद्यांवरून,
सगळ्यांना वाटतं, फिरकेबाई जुन्या वळणाच्या.
मी दाराची कडी लावली.
पदर काढला.

मागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग लटकनची घुंगरं वाजली, दोन्ही,
एकदा हळू, एकदा मुद्दाम.
खाली डिस्पॅचचा ट्रक मागे येत होता,
त्याची पिपाणी थांबेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"किती?" मी विचारलं.

तिने घसा साफ केला,
आणि पारोळं पार मागे टाकून
थेट वाघुळदे साहेबांच्या मराठीत म्हणाली,
"चार.
इत्यादी काही आढळून आले नाही."