फेड

टेबलावर मेणकापड, त्यावर पांढरा रुमाल,
मोहरीएवढा स्क्रू निसटला तर दिसावा म्हणून.
खारकिव्हच्या सातव्या मजल्यावर
माझा एवढाच कारखाना उरलाय:
बेंझिनची बाटली, काडीला गुंडाळलेला कापूस,
नवऱ्याच्या चष्म्याचं एक भिंग.

ल्यूबोमिर हाव्रिश ट्रॉलीबस चालवतो.
वडिलांचा कॅमेरा घेऊन आला, चामडी म्यानासकट,
आणि बिस्किटांचा डबाभर फोटो.
"शटर अडतंय," म्हणाला, "बाकी ठीक आहे.
म्हणजे, बाबांना फोटो कधी जमलेच नाहीत."

मी डबा उघडला.
आई हसतेय, पण धुक्यातून.
बाळाला नाक नाही.
आजोबांची पदकं म्हणजे नुसते उजेडाचे डाग.
आणि मागे भिंतीवरचा गालिचा,
त्याचा धागान् धागा मोजून घ्यावा:
हरणं, तळं, कोपऱ्यात कसर लागलेली जागा.
चाळीस वर्षं त्या घरात
एकट्या गालिच्याचाच फोटो नीट आला.

हात थरथरला
तर गालिचाही थरथरतो.
हे दुसरंच काही.

आधी शटर. जुन्या ग्रीसचा डिंक झालेला,
तो पुसायला अख्खी संध्याकाळ.
पडदा दिव्यासमोर धरला: काळ्या कापडात दोन तारे.
रंगाचा ठिपका, एक विझला.
आणखी एक ठिपका.
चावी आधी फिरवायची, वेग मग बदलायचा,
हे बापाने लेकाला सांगितलेलं दिसत नाही;
चाकाचा दात थोडक्यात वाचलाय.

सकाळी खिडकीशी गेले.
लांब, छपरांच्या पलीकडे, वीजकेंद्राची चिमणी,
लाल पट्टा, पांढरा पट्टा.
तीस वर्षं तेच माझं अनंत.
लेन्स अनंतावर आणली, डोळा लावला:
चिमण्या दोन.
एक खरी, एक तिची पिवळट सावली,
बोलणं टाकलेल्या जावांसारख्या
बोटभर अंतर ठेवून उभ्या.

वरचं झाकण काढलं.
आत सुईने ओरखडलेलं: सतरा, आणि एक तिरकी रेघ.

सतरा आमचं टेबल.
तिरकी रेघ मी.

पडला असेल, आपटला असेल, सरकलं असेल काही,
असं म्हणता आलं असतं.
पण स्क्रूवरचा लाखेचा थेंब
जसाच्या तसा होता, न तडकलेला.
सोयीचं काही आठवतंय का तेही पाहिलं:
महिनाअखेर असेल, कोटा राहिला असेल,
शेजारची मोत्र्या काहीतरी सांगून हसवत असेल.
खरं म्हणजे काहीच आठवलं नाही.
दिवसाला साठ कॅमेरे हातावरून जायचे.
त्यातल्या एकाला मी डोळा नीट लावला नाही.

लाख खरवडली. पाव फेरा.
पाव फेऱ्यालाही कमीच.
चिमणी एक झाली.

मग गॅसवर चहा ठेवला आणि तो उतू गेला.

ल्यूबोमिर गुरुवारी आला, बूट न काढता दारातच उभा राहिला.
मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना फोटो जमत होते.
हात चांगला होता त्यांचा. डोळाही.
कॅमेराच त्यांना खोटं सांगत होता."
"कॅमेरा?"
"त्याला तसं शिकवलं होतं."
कुणी, ते त्याने विचारलं नाही.
मीही पुढचा शब्द उचलला नाही.

"किती द्यायचे?"
"काही नाही. फेड आहे."

त्याने कॅमेऱ्याच्या कपाळावरची अक्षरं पाहिली,
मान डोलावली.
"हो, फेडच," म्हणाला, "बाबांचा फार जीव होता यावर."

लिफ्ट बंद होती. सात मजले पायऱ्या.
खाली थांब्यावर तो बराच वेळ दिसत होता.
एक ट्रॉलीबस गेली, दुसरी गेली,
डबा उघडून एकेक फोटो
नाकाजवळ नेत होता, लांब धरत होता.
टेबलावरचं भिंग उचलून मीही पाहिलं.
इतक्या लांबून चेहरा कळत नाही.