पाणी दावणं

बसवंत हुडगे गेला
ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं,
तेही येळवसेच्या तोंडावर
‘येळवस’ हा शब्द कुणी तपासेना म्हणून.

गेला म्हणजे, आहे तो.
उदगीरच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम.
शटर अर्धं खाली ओढून
रात्री दहानंतर
तुरीच्या धुळीनं माखलेल्या बोटांनी
आमच्या सगळ्यांच्या शब्दकोशात भर घालायचा.
फुकट. सगळेच फुकट होतो.
उलीसा, इळनमाळ, कोपी, आंबील...
सातशे बारा शब्द. मी मोजले, नंतर.

मी नांदेडला. तपासनीस.
हे पद मला कुणी दिलं नव्हतं,
जो जास्त जागतो त्याच्याकडे ते येतं.

त्यानं ‘इर्जिक’खाली एक ओळ जोडली:
“इर्जिकीतून मधीच उठून जाणाऱ्याच्या
बैलांना आधी पाणी दावावं.”
मी लिहिलं: संदर्भ?
तो म्हणाला: माझी चुलती. हाळीची.
मी नियम क्रमांक चार चिकटवला.
चुलती छापील नव्हती.
ओळ काढली.
त्यानं लिहिलं: बरं.

भांडला असता तर लक्षात राहिला असता.
भांडणारे आम्हाला पाठ आहेत,
परभणीचा एक तर
दर शिमग्याला कायमचा जातो
आणि पाडव्याला परत येतो.
बसवंत नुसता विरळ होत गेला.
दिवसाला पाच शब्द, मग आठवड्याला एक,
मग एका रविवारी कुणाची तरी
एक वेलांटी दुरुस्त केली,
आणि तेवढंच.

‘बरं’चे आमच्याकडे नऊ अर्थ आहेत.
तो त्यात नाही.

परवा मेव्हण्याच्या सोयाबीनची पट्टी आणायला
उदगीरला गेलो.
गादीवर तोच असावा, कानावर पेन.
मी नाव सांगितलं नाही, मेव्हण्याचं सांगितलं.
त्यानं वजन दोनदा ताडून पाहिलं,
आडनावातला ऱ्हस्व उकार विचारून घेतला,
आणि माठाकडे हात केला:
“उन्हातून आलाव. आधी पाणी घ्या.”

रात्री ती ओळ मी परत टाकली.
संदर्भाच्या जागी लिहिलं: चुलती, हाळी.

सकाळी कुणा नव्या पोरानं
(हुशार दिसतोय, रात्रभर जागा होता)
खाली विचारलं होतं:
संदर्भ?

उत्तराच्या चौकटीत अजून
नुसता ‘ब’ उमटलाय.
चहा निवत चाललाय.