बेडकाचं शेपूट

गोव्याच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टातून
टेम्पोत घालून जिनगोंडांनी ही आठ चाकांची गाडी आणली, तेव्हा
शामरावनगरच्या आमच्या शेडमधली पोरं तिला आधी टब म्हणाली,
मग बेडूक. बेडूक टिकलं.

जमिनीवर ती कुठंही जाते,
उसाच्या सरीत, खडीच्या ढिगावर, कुपवाड रोडच्या खड्ड्यांत.
पाण्यात मात्र आठही चाकं
पंगतीला उशिरा पोचलेल्या वाढप्यासारखी
नुसती घाई करतात.
ताशी चार किलोमीटर. वारा समोरून असला तर तीन.
आणि पुराचं पाणी गल्लीतून जातं सातनं.
म्हणजे बेडूक पुढं बघत मागं जाणार.
हे गणित मी बिलबुकाच्या पाठीवर मांडलं.
जिनगोंडांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून.

मग मोटर आली. साडेनऊ हॉर्स,
बामणोलीच्या बोटीवर बारा वर्षं राबलेली, लांब दांड्याची.
बेडकाचं शेपूट लहानपणीच गळतं म्हणतात.
आम्ही ते परत लावत होतो.
दस्तगीर मुजावरनं अँगल कापून बिजागरीचा सांगाडा केला,
खाली सोडला की पंखा चाकांच्याही खाली,
वर ओढला की रस्त्याला लागत नाही.
वेल्डिंग करताना तो बोलत नाही.
काच वर केली आणि म्हणाला,
"पाच सालच्या पुरात आईला आणलं मी
गुळाच्या काहिलीतनं.
वल्हं म्हणून घमेलं."
परत काच खाली.

चैत्रातला रविवार, हरिपूरचा घाट.
बुडातला प्लग बसवला का, तिघांनी विचारलं.
बघितला कुणीच नाही.
पाच मिनिटांत मोजे ओले.
प्लग माझ्या खिशात.

दुसऱ्या खेपेला नाक आभाळात, पाणी मागून आत.
चिंचेखाली शिदू आंबी बसले होते,
ज्यांची नाव पूल झाल्यापासून पालथी आहे.
"ढुंगाण जड झालंय तिचं," ते म्हणाले,
"बॅटरी म्होरं घ्या. टाकी म्होरं घ्या.
आन ह्या मालकालाबी."

बॅटरी पुढं. टाकी पुढं. जिनगोंडा पुढं, पोट सावरत.
दोरी ओढली चारदा, पाचव्यांदा धूर,
आणि मोटरीच्या बगलेतून थंडाव्याच्या पाण्याची
ती बारीक धार सुटली.
"मुतली! मुतली!" दस्तगीर ओरडला
पहिलं पोर झाल्यासारखा.
चाकं बंद केली. आठही जणी गप्प बसून चालल्या.
वारणेचं पाणी कृष्णेत शिरतं तिथली गढूळ रेघ ओलांडली
तेव्हा मोबाइल म्हणत होता, अकरा.

काठाला येताना शेपूट वर घ्यायला मी विसरलो.
टक्.
इंजिन बोंबलतंय, पंखा ढिम्म.
पिन तुटली होती, पेराएवढी, पितळेची.
आधी तिनं तुटायचं, म्हणजे गिअर वाचतो.
दगडावर बसून बराच वेळ मी ती तळहातावर घेऊन बघत राहिलो.
शिदूअण्णांनी डोहातून वर येणाऱ्या म्हशीकडं हात केला,
"बघ. काठ लागला की शेपूट वर.
तिला कुणी शिकवलंय?"

दस्तगीरनं तंबाखूच्या डबीत बारा पिना करून ठेवल्या.

ऑगस्टात रोज सकाळी एकच विचारणा,
आयर्विनला किती फूट?
एकवीस. तीस. पस्तीस.
छत्तीसला ताडपत्री काढली, टाकी भरली.
मागच्या सीटखाली शेडच्या मांजरीनं तीन पिल्लं घातलेली,
अडतीसला ती माळ्यावर हलवली.
एकोणचाळीसला पाणी
एक रात्र, एक दिवस उभं राहिलं.
आम्ही तिघं शेडच्या दारात,
दस्तगीरचा हात खिशातल्या डबीवर.

मग सदतीस.

बिलबुकात बेडकाच्या पानावर जमा कोरी आहे.
खर्चात जिनगोंडांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय,
पेढे, अर्धा किलो.
पिल्लं परत सीटखाली.