तेरा टक्के

खानापुरातल्या आमच्या मैदानाला उतार आहे,
कौलांच्या कारखान्याकडं.
मॉडेलला हे माहीत नव्हतं.
दुसऱ्या हाफमध्ये त्या बाजूला खेळलो
की आमचा अर्धा गोल वाढतो,
नोंदी उतरवताना फेब्रुवारीत दिसलं.
घातला एक कॉलम. नाव दिलं 'कौल'.

बत्तीस मॅचेस, एवढाच माझा डेटा.
मुलांची वीस वर्षं क्लबात पुठ्ठ्यात बांधलेली आहेत,
मुलींची, फिलोमिनानं बसच्या तिकिटांमागं लिहिलेली,
काही कानडीत, काही मराठीत, सगळी घाईत.
एका तिकिटावर फक्त:
'हरलो. बूट फाटला.'
किती गोलांनी, ते नाही.
तो रकाना मी रिकामा ठेवलाय.

आज निपाणी.
आमची अपेक्षा एक पूर्णांक नऊ, त्यांची शून्य पूर्णांक आठ.
सगळ्यांत शक्य स्कोअर एक-शून्य. तेरा टक्के.
"तेराच?"
बुटाची नाडी दातांत धरून यल्लवा म्हणाली,
"मग उरलेल्या सत्त्याऐंशीचं काय करायचं, टीचर?"
वर्गात विचारलं असतं तर
फळाभर उत्तर होतं माझ्याकडं.

निपाणीची गाडी उशिरा आली. उतरल्या दहाजणी.
अकरावी शेवंता. तिला गोकाकला दिली,
गेल्या सोमवारी.
माझ्या वहीत सहा गोल आहेत तिचे.
मी पेन्सिलीनं आठाचे पाच केले
आणि वही जरा लपवूनच धरली.

मग नव्वद मिनिटं
तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी त्यांची गोलकीपर
उतारावरनं येणारा एकेक बॉल
पोतं झेलावं तसा छातीवर घेत राहिली.
यल्लवाचा एक बांबूला लागला.
बांबू बराच वेळ हलत होता.

माइकवरनं आधी 'शून्य-शून्य',
मग 'सोन्ने-सोन्ने'.
बिनगोलाची बरोबरी माझ्या गणिताला नेहमीच कमी दिसते,
हे पुस्तकातही आहे, दुरुस्तीसकट.
त्या दहाजणी मात्र
कप मिळाल्यासारख्या एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या,
लाल मातीत, कोण कुठली कळेना.

फिलोमिनानं पर्समधनं तिकीट काढलं,
उलटं केलं, पेन झटकलं.
"काय लिहू गे?"
स्कोअर लिही.
आणि खाली, जागा असली तर,
दहाजणी होत्या म्हणून लिही.