पावतीची मागची बाजू

काट्यावर कुणी नसतं तेव्हाही आकडा वीस किलो दाखवतो.
वारा असेल, प्लॅटफॉर्मवर वाळलेला चिखल असेल,
नाहीतर केळीची एखादी फाटकी पात.
मी शून्याचं बटण दाबतो आणि लिहायला बसतो.

अडावदच्या अलीकडे, रस्त्याला लागून पत्र्याची केबिन.
रात्री आठ ते सकाळी आठ.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, सही.
दोन गाड्यांच्या मध्ये जे उरतं
त्यात माझी कादंबरी आहे.
कधी अकरा मिनिटं, कधी दीड तास,
आणि दीड तास मिळाला की हमखास डोळा लागतो.

सात वर्षं झाली.
सात वर्षांत झिपाबाई सासरहून निघून
तापीच्या काठापर्यंत आली आहे.
पायी निघालेली बाई एवढा वेळ घेत नाही.
पण मध्ये धाकट्याची बारावी आली,
सासऱ्यांचं डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार, जळगाव,
आणि एक अख्खं प्रकरण मेव्हण्याच्या लग्नात गेलं,
हळदीच्या रात्री सगळं सुचलं होतं
आणि माझ्या हातात वाढायचा डाव होता.

सिंधू म्हणते, "त्या बाईला नदी ओलांडू द्या एकदाची,
मग गच्चीवरची टाकी बघा."
चिडून म्हणत नाही. म्हणूनच लागतं.

वही आणायचं मी सोडलंय.
वही उघडली की पहिलं पान पुन्हा लिहावंसं वाटतं.
चौदा पहिली पानं आहेत माझ्याकडे.
म्हणून खराब निघालेल्या पावत्यांच्या मागे लिहितो.
एका पावतीवर नऊ ओळी मावतात.
नऊ ओळींत माणूस फार खोटं बोलू शकत नाही,
असं वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे, चारच्या सुमाराला
ते पान उतरलं.
ती काठावर बसते, पाटल्या काढून पदरात बांधते,
पाण्याकडे बघून बोलते.
एकही शब्द खोडला नाही.
त्या रात्री खराब पावत्या संपल्या होत्या,
कोऱ्या पावतीच्या मागे लिहिलं होतं,
आणि भिकन कोळीची गाडी काट्यावर चढली तेव्हा
घाईत तीच प्रिंटरला लागली.
सोळा टन केळी आणि झिपाबाई
दिल्लीला निघाली.

सेंधव्यापर्यंत त्याचा फोन लागला नाही.
मग पुन्हा लिहून पाहिलं.
नऊच ओळी, शब्द जवळजवळ तेच.
बाई कुणी दुसरीच.

बाराव्या दिवशी भिकन रिकामी गाडी घेऊन आला.
पावती व्यापाऱ्याच्या फायलीत, तिकडेच.
"पन वाची मी ती. इंदूरले, जेवता जेवता."
चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायला नाही.
"बाकी सम्दं बेस शे भाऊ.
पन धानोरानी बाई
'मी आता परतणार नाही' अशी बोलस का?
तुनी माय तरी बोलस का तशी?"

मला राग आला. चार दिवस टिकला.
माझी माय अंगणात शेजारणीशी जे बोलते
ते मी सात वर्षं ऐकत होतो
आणि इथे येऊन झिपाबाईला
शाळेतल्या बाईंची भाषा शिकवत होतो.
वर म्हणायचो, वेळ मिळत नाही.

वेळ खरंच मिळत नाही. ते खोटं नव्हतं.
आजही दहापासून रांग होती,
मधल्या गाडीचा क्लिनर काट्यावरच झोपला,
त्याच्यासकट वजन केलं, पुन्हा उतरवून केलं.

आत्ता पावणेतीन.
एक खराब पावती सापडली.
लिहिलं:
"मी नही जास आते माघारी."
एवढीच ओळ. आठ ओळींची जागा तशीच.
पुढे ती पोहते का, होडी येते का,
की तिथेच बसून राहते, माहीत नाही.
भिकनला विचारावं का, असंही मनात आलं.

काट्यावर कुणी नाही. आकडा वीस.
शून्याचं बटण दाबायच्या आत
हॉर्न वाजला.